तेवीस राष्ट्रांची भागी

आपल्या भाषेंत परस्परविरुद्ध अशा दोन म्हणी आहेत. एक म्हणते, “गांव करी तें राव न करी”. दुसरी म्हणते, “भागीचें घोडें किवणानें मेलें”. किवण म्हणजे जनावराच्या जखमेंत पडणारे किडे. पहिल्या म्हणीचें तात्पर्य असें कीं, जें काम एकट्या धनिकाला साधत नाहीं तें अनेकांच्या हातभारानें सिद्धीस जातें. दुसरीचें तात्पर्य असें कीं, ज्या वस्तूचे धनी अनेक, तिची काळजी वाहणारा कोणीच नाहीं. विचारी वाचक सहज विचारील कीं, या दोहोंपैकीं खरी कोणती? आमच्या मतें दोन्ही खऱ्या आहेत. भागी कोणत्या नियमांनीं बांधली आहे, यावर तिचें फळ अवलंबून असतें. ही गोष्ट जिच्या इतिहासांत अगदीं स्पष्ट दिसून येते, त्या युरोपीय अंतराळसंस्थेची रचना कशी आहे व तिचा खर्च कसा चालतो, याची माहिती आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेची ‘नासा’ ही संस्था १९५८ सालीं व आपल्या देशाची ‘इस्रो’ १९६९ सालीं स्थापन झाली, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. या दोन्ही संस्था एकेका राष्ट्राच्या आहेत. त्यांचा धनी एक, खजिना एक, आणि हुकूम देणारें सरकारहि एक. परंतु जिची मुख्य कचेरी पॅरिस शहरीं आहे त्या युरोपीय संस्थेचे धनी आज तेवीस आहेत. त्यांत जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन यांसारखीं मोठीं राष्ट्रें आहेत, तशींच लक्झेंबुर्ग व एस्टोनिया यांसारखीं लहानशीं राष्ट्रेंहि आहेत. प्रत्येकाची भाषा निराळी, कायदेमंडळ निराळें, करांची पद्धति निराळी. यांतील कित्येक राष्ट्रें १९४५ सालापर्यंत एकमेकांशीं निकरानें लढत होतीं. तींच राष्ट्रें आज एकत्र पैसा घालून शनीपर्यंत यानें पाठवितात. हें कसें साधलें, तें आतां पाहूं.

महायुद्धाच्या अखेरीस युरोपाची दैना झाली होती, आणि तेथील अनेक उत्तम शास्त्रज्ञ अमेरिकेच्या प्रयोगशाळांकडे वळूं लागले होते. अशा स्थितींत ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ‘स्पुटनिक’ हा पहिला मानवनिर्मित उपग्रह आकाशांत सोडला, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेनेंहि आपला उपग्रह सोडला. या दोन बलाढ्य राष्ट्रांची बरोबरी करण्याची ऐपत युरोपांतील कोणत्याहि एका राष्ट्राच्या अंगीं नव्हती. तेव्हां इटलीचे पदार्थविज्ञानवेत्ते एदोआर्दो अमाल्दी व फ्रान्सचे पिएर ओजे यांनीं असा विचार पुढें मांडला कीं, एकट्यानें जें होत नाहीं तें सर्वांनीं मिळून करावें. जिनेव्हा शहराजवळ १९५४ सालीं अणुगर्भाच्या संशोधनाकरितां अनेक राष्ट्रांनीं मिळून ‘सर्न’ ही प्रयोगशाळा काढली होती. तिचा दाखला त्यांच्यासमोर होताच.

या प्रयत्नांतून दोन संस्था जन्मास आल्या. एक शास्त्रीय संशोधनाचे उपग्रह बांधण्याकरितां व दुसरी ते उपग्रह वर नेणारा अग्निबाण तयार करण्याकरितां. दोहोंच्या करारांवर १९६२ सालीं सह्या झाल्या व १९६४ सालीं ते अंमलांत आले. पैकीं पहिल्या संस्थेनें बरें काम केलें. दुसरीची कथा मात्र ‘भागीच्या घोड्या’ची कथा आहे, आणि ती थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व नियमांचें मूळ तिच्यांत आहे.

या दुसऱ्या संस्थेच्या अग्निबाणाचें नांव ‘युरोपा’ असें होतें. त्याचा पहिला टप्पा ब्रिटननें, दुसरा फ्रान्सनें व तिसरा पश्चिम जर्मनीनें बांधावा. त्यावर बसवावयाचा प्रायोगिक उपग्रह इटलीनें करावा. जमिनीवरून मार्ग दाखविणारीं यंत्रें बेल्जमनें व दूरवरून मोजमापें कळविणारीं यंत्रें हॉलंडनें करावीं. आणि उड्डाणाकरितां ऑस्ट्रेलियानें वूमेरा येथील आपलें मैदान द्यावें, अशी वांटणी ठरली. कागदावर ही वांटणी मोठी न्यायाची दिसत होती. परंतु प्रत्येक सरकार आपल्या टप्प्याचें काम आपल्याच कारखानदारांस देई व त्यावर देखरेखहि आपणच ठेवी. निरनिराळे टप्पे एकमेकांशीं नीट जुळतात कीं नाहीं, हें पाहण्याचा पुरा अधिकार मध्यवर्ती कचेरीस नव्हता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ब्रिटनचा टप्पा चांगला चाले, तर वरचे टप्पे दगा देत. १९७० सालच्या उड्डाणांत टोंकावरील आवरणच सुटलें नाहीं. खर्च वाढत गेला तसें ब्रिटननें अंग काढून घेतलें. १९७१ च्या नोव्हेंबरांत दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून सोडलेला बाण वाटेंतच फुटला, आणि एकहि उपग्रह कक्षेंत न ठेवतां १९७३ सालीं ती योजना बंद पडली.

याच सुमारास आणखी एक धडा मिळाला. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनीं मिळून ‘सिंफनी’ नांवाचा दळणवळणाचा उपग्रह तयार केला होता. आपला बाण नसल्यामुळें तो वर नेण्यासाठीं अमेरिकेस विनंति करावी लागली. अमेरिकेनें होकार दिला. पण या उपग्रहाचा व्यापारी उपयोग करूं नये, अशी अट घातली. १९७४ सालच्या डिसेंबरांत ‘सिंफनी’ अमेरिकन बाणावरून आकाशांत गेला खरा. परंतु ज्याची गाडी त्याच्या मर्जीनें चालावें लागतें, हें सर्वांस कळून चुकलें.

‘युरोपा’ बुडाल्यावर ही राष्ट्रें भागी मोडून मोकळीं झालीं असतीं तर नवल नव्हतें. परंतु त्यांनीं भागी न मोडतां भागीचे नियम बदलले. १९७३ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस ब्रुसेल्स येथें या राष्ट्रांचे मंत्री जमले. फ्रान्सला नवा अग्निबाण हवा होता. पश्चिम जर्मनीला अमेरिकेच्या अंतराळविमानांत बसवितां येईल अशी प्रयोगशाळा हवी होती. ब्रिटनला जहाजांच्या दळणवळणाकरितां उपग्रह हवा होता. एकाचें ध्येय दुसऱ्याच्या गळीं उतरेना. शेवटीं असें ठरलें कीं, ज्याला जें हवें त्यानें त्याचा मोठा भार उचलावा व इतरांनीं आपापल्या इच्छेप्रमाणें हातभार लावावा. त्याप्रमाणें बाणाच्या खर्चांतील शेंकडा ६० हून अधिक वांटा एकट्या फ्रान्सनें पत्करला. प्रयोगशाळेचा निम्म्याहून अधिक खर्च जर्मनीनें घेतला. आणि जहाजी उपग्रहाचा मुख्य भार ब्रिटननें उचलला. शिवाय दोन जुन्या संस्था मोडून एकच नवी संस्था काढावी, असेंहि ठरलें. तो बाण म्हणजेच ‘एरियान’. २४ डिसेंबर १९७९ रोजीं कुरू येथून त्याचें पहिलें उड्डाण यशस्वी झालें.

नव्या संस्थेच्या करारावर ३० मे १९७५ रोजीं पॅरिस येथें सह्या झाल्या. आरंभीं बेल्जम, डेन्मार्क, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, हॉलंड, स्पेन, स्वीडन, स्वित्झर्लंड व ब्रिटन हीं दहा राष्ट्रें होतीं. वर्षाच्या अखेरीस आयर्लंड त्यांस मिळालें. सर्व कायदेमंडळांची मान्यता मिळून करार पूर्णपणें अंमलांत येण्यास ३० ऑक्टोबर १९८० उजाडला. संस्थेचें कार्य केवळ शांततेच्या हेतूंकरितां असावें, असें त्या करारांत स्पष्ट लिहिलें आहे.

आतां या संस्थेचा कारभार कोण पाहतो तें सांगूं. सर्वांच्या वर एक मंडळ आहे. त्यास कौन्सिल म्हणतात. प्रत्येक सभासद राष्ट्राचे प्रतिनिधि त्यांत बसतात, आणि राष्ट्र मोठें असो वा लहान असो, त्याला मत एकच. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींहून अधिक व लक्झेंबुर्गची सात लक्षांच्या आसपास. पण मत मोजतांना दोघेहि सारखेच. मात्र या समानतेलाहि मर्यादा आहेत. ज्या योजनेंत एखाद्या राष्ट्रानें पैसा घातला नाहीं, केवळ त्या योजनेपुरत्या प्रश्नावर त्याला मत नाहीं. तसेंच ज्याची वर्गणी एका वर्षाच्या देण्याहून अधिक थकली असेल, त्याचा मताधिकार सामान्यतः स्थगित होतो. हक्क आणि कर्तव्य यांची अशी जोडी घातल्यामुळें, फुकटचा सल्ला देणाऱ्यांची गर्दी होत नाहीं. कौन्सिलाच्या हाताखालीं शास्त्रीय कार्य, हिशेब, कारखान्यांचीं कंत्राटें इत्यादि विषयांच्या निरनिराळ्या समित्या आहेत.

कौन्सिल धोरण ठरवितें. प्रत्यक्ष कारभार महासंचालक पाहतात. त्यांची नेमणूक कौन्सिल दोनतृतीयांश मतांनीं करितें. पहिले महासंचालक ब्रिटनचे रॉय गिब्सन हे होते; १ मार्च २०२१ पासून ऑस्ट्रियाचे योझेफ आशबाखर हे त्या जागेवर आहेत. महासंचालक व त्यांचे नोकर यांनीं कोणत्याहि एका सरकारचा हुकूम घेऊं नये, असा दंडक आहे. फ्रेंच मनुष्य फ्रान्सचा वकील म्हणून नव्हे, तर संस्थेचा सेवक म्हणून काम करितो. ‘युरोपा’च्या वेळीं मध्यवर्ती कचेरीस जो अधिकार नव्हता, तो आतां येथें आला.

संस्थेचीं केंद्रेंहि एका गांवीं नाहींत. यानांची आंखणी व कसोटी हॉलंडमधील नूर्डवेक येथें होते. आकाशांतील यानांशीं बोलणें जर्मनीतील डार्मश्टाट येथून चालतें. अंतराळवीरांचें शिक्षण कोलोन येथें होतें. पृथ्वीच्या निरीक्षणाचें केंद्र रोमजवळ फ्रास्काती येथें आहे. खगोलशास्त्राचें स्पेनमध्यें माद्रिदजवळ आहे. शिवाय ब्रिटनमध्यें हारवेल व बेल्जममध्यें रेदू येथें केंद्रें आहेत. उड्डाणें मात्र फ्रान्सच्या ताब्यांतील गियाना प्रांतांत कुरू येथून होतात. तें ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या पांच अंशांवर असल्यामुळें पृथ्वीच्या परिवलनाचा वेग पूर्वेकडे जाणाऱ्या बाणाला आयताच मिळतो.

आतां खजिन्याकडे वळूं. या संस्थेच्या पेट्या दोन आहेत, असें समजावें. पहिली पेटी सक्तीची. तींत प्रत्येक सभासदानें पैसा घातलाच पाहिजे. या पेटींतून संस्थेचा सर्वसाधारण कारभार व शास्त्रीय संशोधन यांचा खर्च चालतो. येथें वर्गणी ऐपतीप्रमाणें ठरते. म्हणजे प्रत्येक राष्ट्राच्या अलीकडील तीन वर्षांच्या राष्ट्रीय उत्पन्नाची सरासरी काढून त्या प्रमाणांत वांटा बसवितात. मात्र कोणत्याहि एका राष्ट्रावर एकंदर वर्गणीच्या शेंकडा २५ हून अधिक भार टाकूं नये, असें बंधन आहे. श्रीमंतानें अधिक द्यावें हें खरें. पण जो सगळेंच देतो तो पुढें सगळेंच आपल्या मर्जीनें चालवूं पाहतो, हें करार लिहिणाऱ्यांनीं ओळखलें होतें.

शास्त्रीय संशोधनच सक्तीचें कां केलें, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. हवामानाच्या उपग्रहापासून शेतकऱ्याला व नावाड्याला रोकडा फायदा होतो. त्यासाठीं पैसा देणारे मिळतात. परंतु एखाद्या धूमकेतूच्या पोटांत काय आहे हें जाणून घेण्यासाठीं दरसाल वर्गणी मागूं लागलें, तर आज एक राष्ट्र नाहीं म्हणेल, उद्यां दुसरें. अशा कामास वर्षें फार लागतात. ‘रोझेटा’ या यानाची योजना १९९३ सालीं मंजूर झाली. तें २ मार्च २००४ रोजीं निघालें. दहा वर्षें प्रवास करून २०१४ च्या ऑगस्टांत धूमकेतूपाशीं पोंचलें. १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं त्याचें लहानसें उपयान त्या धूमकेतूवर उतरलें. आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजीं तें कार्य समाप्त झालें. इतक्या अवधींत प्रत्येक देशांत किती निवडणुका झाल्या व किती मंत्रिमंडळें बदललीं! ज्यांनीं मंजुरी दिली त्यांपैकीं अनेक जण फळ दिसण्याच्या आधींच अधिकारावरून गेले. असें असूनहि काम तडीस गेलें, कारण सक्तीच्या पेटींतील रक्कम पुढील पांच वर्षांसाठीं आधींच, व तीहि सर्वांच्या एकमतानें, ठरविण्याचा नियम आहे. एकमत घडवून आणणें कठीण जातें, हें या नियमाचें वैगुण्य. पण एकदां तें झालें म्हणजे शास्त्रज्ञांच्या पायांखालीं पक्की जमीन येते, हा त्याचा गुण. यानावर बसवावयाचीं उपकरणें बहुधा निरनिराळीं राष्ट्रें आपापल्या खर्चानें करून देतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

दुसरी पेटी इच्छेची. अग्निबाण, दळणवळण, पृथ्वीचें निरीक्षण, मार्गदर्शक उपग्रह, अंतराळांत मनुष्य पाठविणें, हीं सर्व कार्यें या पेटींतून चालतात. योजना पुढें आली म्हणजे प्रत्येक राष्ट्र तींत पडावयाचें कीं नाहीं व किती पैसा घालावयाचा हें ठरवितें. ब्रुसेल्सच्या त्या तडजोडीलाच येथें कायम नियमाचें रूप मिळालें आहे. नव्या ‘एरियान-६’ या बाणाच्या योजनेंत तेरा राष्ट्रें होतीं; बाकीचीं नव्हतीं, आणि त्याबद्दल कोणी रागावलें नाहीं. योजनेचा खर्च मूळ अंदाजाहून शेंकडा २० पेक्षां अधिक वाढला, तर त्यांतून बाहेर पडण्याची मुभाहि सभासदांस आहे. संस्थेच्या एकंदर खर्चांत सक्तीच्या पेटीचा भाग लहान व इच्छेच्या पेटीचा भाग मोठा असतो.

हीं वचनें घेण्याकरितां सुमारें दर तीन वर्षांनीं सर्व राष्ट्रांच्या मंत्र्यांची परिषद भरते. २०२२ च्या नोव्हेंबरांत पॅरिस येथें १,६९० कोटि युरोंचीं वचनें मिळालीं; २०२५ च्या नोव्हेंबरांत जर्मनीतील ब्रेमेन येथें तो आंकडा सुमारें २,२१० कोटींवर गेला. त्यांत एकट्या जर्मनीचा भाग ५०० कोटींहून अधिक होता. २०२५ या एका वर्षाचें संस्थेचें अंदाजपत्रक ७६८ कोटि युरोंचें होतें. एवढा मोठा आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु सभासद राष्ट्रांच्या सुमारें पन्नास कोटि प्रजेवर तो वांटला, तर माणशीं वर्षाला सुमारें १५ युरो पडतात.

आतां सर्वांत वादग्रस्त भागाकडे येऊं. संस्थेजवळ स्वतःचे कारखाने नाहींत. मिळालेल्या पैशांपैकीं बहुतेक भाग ती सभासद राष्ट्रांतील कारखान्यांस कंत्राटांच्या रूपानें देते. हीं कंत्राटें देतांना ज्या राष्ट्रानें जितका पैसा घातला, जवळजवळ तितक्या किंमतीचें काम त्या राष्ट्राच्या कारखान्यांस मिळावें, असा नियम आहे. उदाहरणार्थ, एखाद्या राष्ट्राची वर्गणी शंभरांत पांच आहे असें समजा. त्याच्या कारखान्यांस शंभरांत पांच कंत्राटें मिळालीं, तर गुणक १ आला. म्हणजे हिशेब चोख झाला. चारच मिळालीं, तर गुणक ०·८ आला. करारांत याहून खालीं जाऊं नये अशी मर्यादा घालून दिली होती. केवळ पैशांची रक्कम पाहत नाहींत. ज्या कामानें नवी विद्या हातीं येते तें अधिक वजनाचें व साधें काम कमी वजनाचें धरितात. नाहींतर एकानें यानाचा मेंदू बांधावा व दुसऱ्यानें कायमचें खिळेच ठोकावे, असें झालें असतें.

या नियमाचे गुण व दोष दोन्ही मोठे आहेत. याच्यामुळें लहान राष्ट्राचा मंत्री आपल्या कायदेमंडळांत उभा राहून सांगूं शकतो कीं, करदात्यांचा पैसा परदेशीं बुडाला नाहीं. तो आपल्याच कारागिरांच्या हातीं परत आला व वर विद्याहि आली. हा भरंवसा नसता तर इच्छेची पेटी रिकामीच राहिली असती. उलट पक्षीं, जें काम एका कारखान्यांत स्वस्तांत झालें असतें तें दहा देशांत वांटल्यानें महाग होतें व वेळ लागतो, असा आक्षेप आहे. तो पोकळ नाहीं. ‘एरियान-५’ चें शेवटचें उड्डाण ५ जुलै २०२३ रोजीं झालें आणि ‘एरियान-६’ चें पहिलें उड्डाण व्हावयास ९ जुलै २०२४ उजाडला. मधल्या वर्षांत युरोपाजवळ स्वतःचा मोठा बाण नव्हता. ‘युक्लिड’ ही आपली दुर्बीण १ जुलै २०२३ रोजीं युरोपाला एका अमेरिकन कंपनीच्या बाणावरून पाठवावी लागली. २०२४ सालीं इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांनीं युरोपीय संघास सादर केलेल्या अहवालांत हा परताव्याचा नियम क्रमाक्रमानें सोडून द्यावा, अशी शिफारस केली. नियम सोडावा तर लहान राष्ट्रें दूर जातील. ठेवावा तर काम महाग पडेल. हा पेंच अद्याप सुटलेला नाहीं.

येथें एका सामान्य गैरसमजाचें निरसन करणें जरूर आहे. ही संस्था म्हणजे युरोपीय संघाचें एखादें खातें नव्हे. नॉर्वे व स्वित्झर्लंड हीं राष्ट्रें संघांत नाहींत, पण संस्थेंत आहेत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजीं संघांतून बाहेर पडलें, तरी संस्थेंतील त्याची जागा कायम आहे. कानडा तर युरोपांतहि नाहीं. तरी १९७९ सालापासून तें कराराप्रमाणें वर्गणी देऊन कांहीं योजनांत भाग घेतें. युरोपीय संघ हा या संस्थेचें मोठें गिऱ्हाईक आहे, असें म्हणतां येईल. ‘गॅलिलिओ’ हे मार्गदर्शक उपग्रह व पृथ्वीचें निरीक्षण करणारे ‘कोपर्निकस’ योजनेचे उपग्रह यांकरितां संघ पैसा देतो व संस्था तें काम पार पाडते. नवीन राष्ट्रास संस्थेंत यावयाचें असल्यास त्यालाहि पायरीपायरीनें चढावें लागतें. प्रथम सहकार्याचा करार, मग सहयोगी सभासदत्व व अखेर पूर्ण सभासदत्व. स्लोव्हेनिया या लहान राष्ट्रानें अशाच पायऱ्या चढून १ जानेवारी २०२५ रोजीं तेविसावी जागा मिळविली.

भागीची खरी परीक्षा संकटांत होते. मंगळावर पाठविण्याकरितां ‘रोझालिंड फ्रँकलिन’ नांवाची फिरती गाडी संस्थेनें तयार केली होती. तिला मंगळाच्या जमिनीवर उतरविणारें यंत्र रशियाचें होतें व बाणहि रशियाचाच होता. २०२२ च्या सप्टेंबरांत प्रयाण ठरलें होतें. परंतु त्या वर्षाच्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चढाई केली, आणि मार्चमध्यें कौन्सिलानें तें सहकार्य स्थगित केलें. अनेक वर्षांचें काम बांधून तयार असतां पडून राहिलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मंत्र्यांपुढें प्रश्न आला कीं, झालेला खर्च बुडाला म्हणून सोडून द्यावा, कीं आणखी पैसा घालून उतरविण्याचें यंत्र आपणच बांधावें? वाढीव खर्चाच्या भीतीनें पूर्वीं ‘युरोपा’ सोडून जाणारें ब्रिटन या वेळीं मागें हटलें नाहीं. ती गाडी त्याच्याच देशांत बांधली गेली होती. राष्ट्रांनीं पैसा घातला, आणि आतां २०२८ सालीं ती निघावी अशी योजना आहे.

या संस्थेचा आपल्या देशाशीं संबंध जुना आहे. ‘ॲपल’ हा भारताचा दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह १९ जून १९८१ रोजीं ‘एरियान’च्या तिसऱ्या उड्डाणांत कुरू येथूनच आकाशांत गेला. २००८ सालच्या आपल्या ‘चांद्रयान-१’ वर या संस्थेच्या सहकार्यानें आलेलीं तीन उपकरणें होतीं. आणि ५ डिसेंबर २०२४ रोजीं संस्थेचीं ‘प्रोबा-३’ हीं जोडयानें आपल्या श्रीहरिकोट्याहून भारतीय बाणानें वर नेलीं. सुमारें दीडशें मीटर अंतरावरून एकानें दुसऱ्यावर सावली धरावयाची व सूर्याचें कृत्रिम खग्रास ग्रहण घडवावयाचें, असें त्यांचें कौशल्याचें काम आहे. एके काळीं त्यांच्या बाणावर बसून आपण वर गेलों. आज आपल्या बाणावर बसून ते जातात.

१४ जानेवारी २००५ रोजीं या संस्थेचें ‘हायगेन्स’ हें यान शनीच्या टायटन नामक चंद्रावर अलगद उतरलें. तें बांधण्यास लागलेली विद्या युरोपांत १९७१ सालींहि पुष्कळशी होती. ‘युरोपा’ बांधणारे लोक कांहीं अडाणी नव्हते. उणीव होती ती नियमांची. ऐपतीप्रमाणें वर्गणी, मतांत समानता, जें सर्वांचें तें सक्तीचें व जें कांहींचें तें खुषीचें, काम पाहणारा एक जबाबदार कारभारी, आणि दमडीदमडीचा उघड हिशेब. एवढ्या गोष्टी ठरविण्यास त्यांना दहा वर्षें व एक बुडालेला अग्निबाण इतकी किंमत द्यावी लागली. आमचे विद्यार्थी उद्यां मोठे होऊन सहकारी पेढी, ग्रंथालय, दवाखाना, अशीं अनेकांच्या भागीचीं कामें चालवितील. त्या वेळीं भागीदारांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवण्याआधीं त्यांनीं भागीचे नियम नीट लिहून काढावे, एवढीच आमची त्यांस सूचना आहे. चांगुलपणा मग आपोआप टिकतो.